पाच कोटींची गाडी, बारा व्होल्टचं दुखणं

वाचकांचे प्रश्न, गाडीवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, रविवारी सकाळी कमाटीबागेबाहेर आमचा चहाचा अड्डा असतो. सुपरकार आमच्यापैकी एकाकडेही नाही, पण भांडण कायम तिच्यावरूनच. एक पक्ष म्हणतो, मॅकलॅरेन आर्टुरा या हायब्रिड (पेट्रोल इंजिन अधिक विजेची मोटर) सुपरकारला उशीर झाला, मग रिकॉल आला, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या. मुंबईत एका उद्योगपतींनी नवी लॅम्बोर्गिनी रेवुएल्टो चाचणीच्या फेरीत अटल सेतूवर बंद पडल्याची जाहीर तक्रार केली. थोडक्यात, हायब्रिडने सुपरकारची वाट लावली. दुसरा पक्ष म्हणतो, नव्या मॉडेलचं पहिली दोन वर्षं असंच असतं, बोंब कशाला मारायची? तुम्हीच निकाल द्या.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : तुमच्या दोन्ही पक्षांनी आरोपी चुकीचा पकडलाय.

एका गाडीच्या एका दिवसावरून अख्ख्या मॉडेलला फाशी देता येत नाही. म्हणून ज्यांचं कारण कागदावर आलेलं आहे, तीच प्रकरणं घेऊ. आर्टुरा फेब्रुवारी २०२१ मध्ये जगाला दाखवली आणि गिऱ्हाइकाच्या दारात यायला २०२२ उजाडलं. चिपचा तुटवडा आणि सॉफ्टवेअर, या दोघांनी तिला अडवून धरलं होतं. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेत १६४ आर्टुरा परत बोलावल्या. कशासाठी? तर इंजिनाकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या पेट्रोलच्या नळीचे नट ढिले होऊन गळती होण्याची, आग लागण्याची भीती होती. नट! ७.४ युनिटची बॅटरी आणि ९५ अश्वशक्तीची मोटर आपापल्या जागी शाबूत, आणि गाडी वर्कशॉपला गेली ती नटांपायी.

आता हायब्रिडच्या आधीच्या काळात या. २०१० मध्ये फेरारी ४५८ इटालिया पेटायला लागल्या. मागच्या चाकावरच्या कमानीत उष्णता अडवणारा पत्रा गोंदाने चिकटवला होता आणि तो गोंदच तापून पेट घ्यायचा. १,२४८ गाड्या बोलावून गोंदाच्या जागी फास्टनर लावले. २०११ ची मॅकलॅरेन एमपी४-१२सी हात फिरवला की दार उघडणार अशी होती. सेन्सर आपल्या लहरीप्रमाणे वागायचा, शेवटी नंतरच्या गाड्यांना मुकाट बटण दिलं. २०२२ मध्ये फेरारीने अमेरिकेत २३,५५५ गाड्या बोलावल्या त्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणासाठी. झाकणातून हवा नीट ये-जा करत नव्हती. त्यातल्या बहुतेक गाड्या निव्वळ पेट्रोलच्या. तेव्हा पहिल्या पक्षाने आपला चहाचा कप गुपचूप उचलावा.

दुसऱ्या पक्षाला मात्र मी जास्त रागावणार आहे. ‘असंच असतं’ हे उत्तर नव्हे. हायब्रिड ही काही कालची गोष्ट नाही. टोयोटाची प्रियस १९९७ पासून रस्त्यावर आहे, आणि आपल्या रेसकोर्स रोडवर इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड फिरतात त्यांचे मालक मला दिवाळीच्या शुभेच्छा देण्यापुरतेच फोन करतात. मग तेच तंत्र महागड्या गाडीत गेल्यावर का रुसतं? कारण आकडे. २०२४ मध्ये फेरारीने सगळी मॉडेलं मिळून जगभरात १३,७५२ गाड्या दिल्या. मारुती एवढ्या गाड्या तीन दिवसांच्या आत विकते. मी हालोलला जुळवणीच्या लाइनवर होतो. तिथे एखादी क्लिप उलटी बसत असेल तर संध्याकाळपर्यंत तीच खोड पंचवीस गाड्यांवर दिसते आणि सुपरवायझर बोंबलत येतो. जिथे एका मॉडेलच्या दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गाड्या बाहेर पडतात, तिथे ती खोड सापडते गिऱ्हाइकाला, तीही रस्त्यात. चाचणीचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं आणि वर त्याच्याकडूनच पाच कोटी घ्यायचे, हे मला पटत नाही. आर्टुराची भारतातली किंमत २०२३ मध्ये ५.१ कोटी होती, शोरूमची. पुढे कंपनीने इंजिनाची ताकद वाढवली तेव्हा जुन्या मालकांनाही सॉफ्टवेअरमधून २० अश्वशक्ती फुकट दिल्या. दिलदारी खरी, पण ज्याची गाडी टो करून नेली त्याला अश्वशक्ती नको असते.

हायब्रिडमुळे एक गोष्ट मात्र खरोखर बदलली, आणि तुमच्या अड्ड्यावर तिच्याबद्दल कुणी बोलत नसावं. गाडी बंद का पडते यापेक्षा ती सुरूच का होत नाही, हे बघा. बटण दाबलं की आधी साधी बारा व्होल्टची बॅटरी सगळ्या कॉम्प्युटरना उठवते. मग मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलींचे कनेक्टर पूर्ण बसलेत का, हे एक बारीक सर्किट तपासतं. मग उच्च दाबाची वीज बॉडीत कुठे झिरपत नाही ना, याची तपासणी. मग एका रेझिस्टरमधून थोडा थोडा करंट सोडून इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा डबा) भरतात, आणि सगळं ठीक असेल तरच मोठे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचे दणकट स्विच, ‘टक्’ करून जुळतात. एकत्र कुटुंबातल्या लग्नासारखा प्रकार आहे : एका आत्याने मान हलवली नाही की वरात दारातच. आणि इथे आत्याचं बरोबर असतं, कारण शेकडो व्होल्टशी मामला आहे. जुनी पेट्रोल गाडी एखादा सेन्सर मेला तरी खोकत खोकत घरी पोचायची. ही जागेवर बसते.

त्यात आर्टुरा किंवा फेरारी एसएफ९० च्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअरच नाही. वजन वाचवायला काढून टाकलाय. मागे जायचं काम मोटर उलटी फिरून करते. म्हणजे विजेची बाजू रुसली तर भिंतीकडे नाक करून लावलेली गाडी तशीच राहणार.

अकोट्यातल्या एका बंगल्यात अशीच एक परदेशी हायब्रिड (कंपनीचं नाव विचारू नका) नवरात्रभर झाकून ठेवलेली होती. मालकांनी घरात सांगून टाकलं होतं की मोठी बॅटरी गेली, आता पंधरा-वीस लाख. तिकडे मोठी बॅटरी धडधाकट होती, छोटी मेली होती. आणि छोटी होती पुढच्या डिकीत, जिचं कुलूप विजेवर चालतं! गाडीच्या पुस्तकात आणीबाणीची दोरी दाखवली होती. ती शोधून ओढली, चार्जर लावला, तासाभराने डॅशबोर्ड उजळला. स्क्रीनवर अकरा-बारा दोष एकदम दिसत होते. व्होल्टेज पडलं की प्रत्येक कॉम्प्युटर दुसऱ्याच्या नावाने तक्रार लिहितो. ते पुसले आणि परत एकही आला नाही. इंटरनेटवर फोटो जातो तो त्या बारा लाल ओळींचा, आणि लोक म्हणतात गाडी कचरा.

प्रश्न : सर, मी कलाभवनला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बडोद्यात मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. या गाड्यांची लहान बॅटरी इथे टिकेल का? आणि पावसाळ्यात?
– विद्यार्थी, रावपुरा

उत्तर : प्रश्नात ‘लहान’ हा शब्द घातलास, शाबास. बारा व्होल्टची नव्हे, मोटर चालवणारी बॅटरीच या गाड्यांत लहान असते. आर्टुरात ७.४ युनिट, फेरारी २९६ मध्ये ७.४५, रेवुएल्टोत फक्त ३.८. पहिल्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ होते. एवढ्याशा बॅटरीतून क्षणात प्रचंड करंट खेचायचा आणि ब्रेक मारताच परत कोंबायचा, म्हणजे उष्णता आलीच. म्हणून तिला स्वतंत्र थंडावा लागतो. आर्टुरात तर एसीचाच गॅस बॅटरीपर्यंत नेलाय. चालत्या गाडीला आपला मे महिना सोसतो. सोसत नाही ती उभी गाडी. पत्र्याच्या शेडखाली, पूर्ण चार्ज करून ठेवलेली, कारण गाडी झोपली की कूलिंगही झोपतं. लिथियम सेलला पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र मिळाली की तो भराभर म्हातारा होतो. अर्धा चार्ज ठेवून सावलीत लाव.

पावसाचं विचारशील तर साध्या पावसाला केबली पुरून उरतात. प्रश्न विश्वामित्री नदीचा आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर तिने किती बेसमेंट भरले ते तू पाहिलंच असशील. आयपी६७ या पाणी-धूळ अडवण्याच्या दर्जाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणं, तेही नव्या कोऱ्या भागाला. पाण्यात रात्र काढलेली हायब्रिड ‘बघू तरी’ म्हणून सुरू करायची नाही आणि चार्जरही लावायचा नाही. ट्रकवर घालून न्यायची.

प्रश्न : माझे एक आप्त अहमदाबादहून वापरलेली हायब्रिड सुपरकार घेताहेत. किलोमीटर अगदी कमी आहेत. काय पाहावं?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : कमी किलोमीटर पाहून भुलू नका. या गाड्या चालवून कमी आणि उभ्या राहून जास्त बिघडतात. चासी नंबरवरून रिकॉलची कामं झालीत का, ते अधिकृत डीलरकडून लेखी घ्या. सॉफ्टवेअर शेवटचं कधी बदललं, हेही त्याच कागदावर हवं. सुरुवातीच्या गाड्यांची निम्मी गाऱ्हाणी अपडेटने मिटतात असा माझा अनुभव. पण ते कुणीतरी घातलेलं असलं पाहिजे. मालकाला सहज विचारा, ‘बारा व्होल्टचा मेंटेनर कुठे लावता?’ (उभ्या गाडीची छोटी बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर.) तो गोंधळला तर भाव पाडा.

मोठ्या बॅटरीची वॉरंटी किती उरली आणि ती नव्या मालकाच्या नावे होते का, ते पाहा. फेरारीने हायब्रिडसाठी वाढीव वॉरंटीची योजना काढली आहे. त्यात ठरावीक वर्गणी भरत राहिलं तर आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून देतात. कंपनी स्वतःच बॅटरीचं आयुष्य साधारण किती धरते, ते यातून कळतं. आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं लेबल वाचा. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी राहणारी गाडी त्याला आयतीच सापडते.

प्रश्न : भाऊ, कोटींच्या गाड्यांवर पानं भरता, जरा आमच्याकडेही बघा. आमची वॅगन-आर चार दिवस गावाला जाऊन आलं की सुरूच होत नाही. बॅटरी वर्षभरापूर्वीचीच आहे.
– एक वाचक भगिनी, प्रतापनगर

उत्तर : ताई, दुखणं तेच आहे, फक्त बिल लहान. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ च्या आसपास असेल तर ठीक, १२.२ म्हणजे निम्मी गेली. मग बंद गाडीत करंट किती जातोय ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर काहीतरी चालू राहतंय. डिकीचा दिवा, जीपीएस ट्रॅकर, नाहीतर डॅशकॅम. डॅशकॅम कायम चालू राहणाऱ्या वायरीवर जोडला असेल तर आधी तो काढा, नवी बॅटरी घेऊ नका.