ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या वाचनगटात सातवी-आठवीची मुलं आहेत. गाव सोडून परक्या देशात जाणाऱ्या मुलांवरची कोणती कादंबरी घ्यावी?

पाम म्युन्योझ रायन यांची 'एस्पेरान्झा रायझिंग' (2000) घ्या. 1930 साली मेक्सिकोतली जमीनदाराची मुलगी एस्पेरान्झा वडील गेल्यावर आईसोबत कॅलिफोर्नियात येते आणि शेतमजुरांच्या वस्तीत राहते. इंग्रजी सोपं आहे, तरी सुरुवातीची पानं मोठ्याने वाचून मराठीत समजवा. वडिलांचा खून सुरुवातीच्याच प्रकरणांत होतो, हे पालकांना आधीच सांगा. बहुतेक प्रकरणांची नावं स्पॅनिशमध्ये फळा-भाज्यांची आहेत. मुलं तिथेच अडखळतात, म्हणून अर्थ फळ्यावर लिहून ठेवा: द्राक्षं, कांदे, बटाटे.

सगळ्यात जास्त वेळ झाडूच्या प्रसंगाला द्या. हिच्या हातात आयुष्यात कधी झाडू आलेला नाही, आता चारचौघांसमोर झाडायचंय आणि लोक हसतात. परिस्थिती पालटणं म्हणजे काय, ते या एका पानात कळतं. आजीची क्रोशाची चादरही सोडू नका: दहा टाके चढ, मग नऊ टाके उतार. क्रोशाची सुई आणि लोकर आणून दोन ओळी विणूनच बघा, नक्षी डोंगर-दऱ्यांसारखी का दिसते ते हाताला कळेल.

एक चूक हमखास होते: 'तुझे आई-बाबा कुठून आले?' असं गटात थेट विचारलं जातं. ठाण्यात निम्मी मुलं कुठून ना कुठून आलेल्या घरातलीच असतात, आणि काहींना ते सांगायचं नसतं. प्रश्न एस्पेरान्झाबद्दल विचारा. ज्याला बोलायचंय तो आपणहून बोलेल.

पाच आठवड्यांत, आठवड्याला तीन प्रकरणं धरून, पुस्तक आरामात संपतं.