निरोप समारंभाच्या भाषणात विनोद कसा करावा, म्हणजे तो फसणार नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साहेब या महिनाअखेरीस निवृत्त होताहेत, तुम्हाला सात मिनिटं बोलायचंय, आणि मागच्या एका समारंभात व्हॉट्सअ‍ॅपवरचा विनोद सांगितला तेव्हा कोणी हसलं नाही.

तो विनोद तुमच्या सांगण्यामुळे फसला असेलच असं नाही. निम्म्या लोकांनी तो आधीच वाचलेला असतो, उरलेल्यांना त्याचा सत्कारमूर्तींशी संबंध लागत नाही. त्यात ‘यावरून एक विनोद आठवला’ असं म्हटलं की ऐकणारा लगेच परीक्षक होऊन बसतो. ते वाक्य कायमचं काढून टाका. ऐकीव विनोदही नको. निरोप समारंभात लोक हसतात ते ओळखीच्या तपशिलाला.

म्हणून आधी साहेबांच्या पंधरा-वीस सवयी कागदावर उतरवा. फाइलवरचा ठरलेला शेरा, डबा उघडण्याची वेळ, फोनवरचं पहिलं वाक्य, काहीही चालेल. मग प्रत्येकीपुढे विचारा की सभागृहातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? चारांतले निदान तीन जण ती ओळखणार नसतील तर ती सवय खोडा, कितीही गमतीची असली तरी. शेवटी तीन-चार उरतील. सात मिनिटांना तेवढ्या पुरतात.

आता खरी मेख. विनोद ज्या शब्दावर फुटतो तो वाक्याच्या अगदी शेवटी हवा, आणि मराठीत शेवटची जागा क्रियापदानं अडवलेली असते. हे पाहा: ‘साहेब फाइलवर चर्चा करावी असं लिहून ठेवायचे, पण कुणाला थेट नाही म्हणायचे नाहीत.’ हशा ‘चर्चा करावी’वर यायला हवा, पण तिथे तुम्ही थांबलेलाच नसता. लोक हसायला लागतात तोवर तुम्ही पुढे बोलत असता, मग ते हसू गिळतात. आता असं करा: ‘साहेबांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही. फाइलवर फक्त दोन शब्द लिहिले. चर्चा करावी.’ मजकूर तोच, फक्त फुटणारे शब्द शेवटी नेले आणि त्यांच्यामागे एकही ‘होते’, ‘असं म्हणायचे’ उरू दिलं नाही. बोलताना मराठी वाक्य उलटंपालटं केलेलं खपतं, त्याचा फायदा घ्या. ‘फक्त साहेब वेळेवर आले होते’ यापेक्षा ‘वेळेवर आले होते फक्त साहेब’ जोरात लागतं.

तीन गोष्टींची यादीही याच कामाची. ‘साहेबांच्या टेबलावरच्या तीन वस्तू कधी हलल्या नाहीत. पेनस्टँड, कॅलेंडर आणि माझा रजेचा अर्ज.’ पहिल्या दोन वस्तू सरळ हव्यात, त्यांनी ओळ आखून द्यायची, तिसरीनं ती मोडायची. पहिल्या दोनही गमतीच्या केल्या तर मोडायला काही उरत नाही.

फुटणाऱ्या शब्दाआधी एक सेकंद थांबा. हशा आला की बोलू नका. तो चढतो, मग उतरायला लागतो, निम्म्यावर आला की पुढचं वाक्य सुरू करा. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर सभागृह थंड पडतं. लवकर बोललात तर त्याहून वाईट: हसलो की एक वाक्य हुकतं हे लोकांच्या ध्यानात येतं आणि पुढच्या वेळी ते हसतच नाहीत.

हशाचा वेळही घड्याळात मोजला जातो, हे नवखे वक्ते विसरतात. टोस्टमास्टर्स या भाषणकलेचा सराव करवणाऱ्या संस्थेच्या विनोदी भाषणस्पर्धेत पाच मिनिटांना हिरवा, सहाला पिवळा आणि सातला लाल दिवा लागतो. साडेसातच्या पुढे गेलेला वक्ता बाद, मग सभागृह कितीही हसलेलं असो. मिनिटाला 110 ते 120 शब्दांची चाल धरली तर सात मिनिटांत 800 शब्द बसतात. तुम्ही साडेसहाशेच लिहा.

माइकवर घात होतो तो नेमका विनोदाच्या क्षणी. बोलणारा हसून साहेबांकडे मान वळवतो आणि शेवटचा शब्द माइकबाहेर जातो. माइक हातात असेल तर तोंडापासून चार बोटांवर ठेवा आणि मानेबरोबर फिरवा. स्टँडवर असेल तर नुसती नजर वळवा. मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली आवाज घुमतो, तिथे दोन वाक्यांमधली जागा वाढवा. दोनशे खुर्च्यांत साठ माणसं विखुरलेली असतील तर हसू एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. सूत्रसंचालकाला सांगून त्यांना आधीच पुढे बोलवा. आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर नजर ठेवू नका. ती मंडळी हसण्याआधी वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे पाहतात. हशा तिसऱ्या-चौथ्या रांगेतून सुरू होतो.

विषय कोणते टाळायचे? वजन, टक्कल, जात, गावाकडची बोली, बायकोचा धाक, अडकलेली बढती, खात्यातली चौकशी. चांगुलपणाची दुसरी बाजू असलेली सवय निवडा: अती वक्तशीरपणा, कागद जपून वापरणं. शंका असेल तर साहेबांच्या जवळच्या सहकाऱ्याला विचारा. साहेब स्वतः ‘चालेल की’ म्हणतातच. स्वतःवर विनोद करायचा तर विसराळूपणावर करा, कामातल्या चुकांवर नको.

तुमच्या आधी पाच जण बोलणार असतील तर तुमच्या यादीतली एखादी सवय आधीच वापरली जाईल. कागद हातात ठेवून ऐका आणि ती तिथल्या तिथे खोडा.

एक विनोद फसला तर ‘कळलं का?’ नाही, पुन्हा सांगणं नाही. ओळ मुळात खरी माहिती सांगणारी असेल तर कोणी हसलं नाही तरी ती साधं वाक्य म्हणून निघून जाते. चाल न बदलता पुढे जा.

‘चर्चा करावी’ला चांगली दाद मिळाली तर तो शेरा दोन-तीन मिनिटांनी पुन्हा आणा, एकदाच: ‘वहिनी, उद्या भाजी कोणती करू असं विचारलंत, तर साहेब काय म्हणतील ठाऊक आहे ना? चर्चा करावी.’ दुसऱ्या वेळचा हशा बहुतेक पहिल्यापेक्षा मोठा असतो, कारण आता ती खूण सगळ्या सभागृहाची झालेली असते. हे पाचव्या मिनिटाच्या आसपास येऊ द्या. त्यानंतरचं दीड मिनिट कृतज्ञतेचं, त्यात विनोद बिलकूल नको. डोळे ओले झाल्यावर आलेला विनोद साहेबांपेक्षा वक्त्याकडेच लक्ष वेधतो.

तालीम उभं राहून, मोठ्यानं, तीनदा. फोनवर रेकॉर्ड करा आणि एकच गोष्ट ऐका: शेवटचा शब्द स्पष्ट येतोय की पडतोय. एखादी ओळ चहाच्या वेळी दोघांपुढे सहज टाकून पाहा, भाषणातली आहे हे न सांगता. दोघांपेक्षा जास्त जणांना मात्र नको, ती समारंभाआधीच खर्च होईल. विनोदाच्या ओळी कागदावर शब्दशः लिहा, बाकी मुद्दे पुरे. आणि छापताना बघा, पान उलटायच्या जागी विनोद येऊ देऊ नका.