कलाशिक्षकाचा गौरव कशासाठी? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कलाशिक्षणातील आंतरराष्ट्रीय पुरस्कारांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी 21 वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकारांना मिळणाऱ्या सन्मानांची नावे आम्हाला ठाऊक असतात. परंतु चित्रकला शिकवणाऱ्यांचा गौरव करणारे आंतरराष्ट्रीय पुरस्कार खरोखर आहेत का, आणि ते कशासाठी दिले जातात?
— एक कलाशिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : असे पुरस्कार आहेत, आणि ते आपल्याकडे इतके अपरिचित राहावेत याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. 1951 मध्ये युनेस्कोने इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे कलाशिक्षणावर एक परिसंवाद घेतला. त्या विचारविनिमयातून 1954 मध्ये पॅरिस येथे 'इंटरनॅशनल सोसायटी फॉर एज्युकेशन थ्रू आर्ट' ही संस्था उभी राहिली. जगभर ती 'इन्सिया' या लघुनावाने ओळखली जाते. कलाशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या व्यक्तीला ही संस्था सर हर्बर्ट रीड पुरस्कार देते. या क्षेत्रातील अभ्यास व नेतृत्व यांसाठी ती इजिप्तचे कलाशिक्षणतज्ज्ञ महमूद एल-बसिऊनी यांच्या नावाचा पुरस्कार देते. इन्सियाशी संलग्न असलेल्या अमेरिकी संस्थेचा एडविन झीगफेल्ड पुरस्कारही आहे. त्यातील एक सन्मान अमेरिकेतील कलाशिक्षकासाठी असतो आणि दुसरा अमेरिकेबाहेर काम करणाऱ्यासाठी.

आपण 'कशासाठी' असे विचारले आहे. त्याचे उत्तर पुरस्काराच्या नियमांपेक्षा ज्यांची नावे या पुरस्कारांना दिली आहेत त्यांच्या कामात अधिक स्पष्ट दिसते. हर्बर्ट रीड हे कवी आणि कलासमीक्षक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी पाठवायच्या प्रदर्शनासाठी ते ब्रिटिश मुलांची चित्रे गोळा करत होते. तेव्हा पाच वर्षांच्या एका कामकरी कुटुंबातील मुलीने काढलेले चित्र त्यांच्या हाती आले. जगाला वेढणारा साप आणि एक होडी, असा त्याचा विषय तिनेच सांगितला होता. मानवजातीच्या प्राचीन प्रतिमांमध्ये पुन्हा पुन्हा भेटणारा आकार कोणीही न शिकवता एका लहान मुलीच्या हातून कागदावर उतरला आहे, या जाणिवेने रीड हेलावून गेले. मुलांच्या चित्रांकडे ते मोठ्या आस्थेने पाहू लागले आणि 1943 मध्ये त्यांचे 'एज्युकेशन थ्रू आर्ट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कला हा शाळेतील अनेक विषयांपैकी एक विषय नसून साऱ्या शिक्षणाचाच पाया असला पाहिजे, हे त्यातील मुख्य प्रतिपादन आहे. संस्थेच्या नावात 'कलेचे शिक्षण' असे न म्हणता 'कलेद्वारे शिक्षण' असे म्हटले आहे, ते याच विचाराला धरून.

एडविन झीगफेल्ड हे इन्सियाचे पहिले अध्यक्ष, आणि त्यांचे काम आम्हाला आपल्या परिस्थितीच्या विशेष जवळचे वाटते. 1933 मध्ये, अमेरिका महामंदीत होरपळत असताना, मिनेसोटा राज्यातील ओवाटोना नावाच्या लहान गावात कलाशिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. तो विद्यापीठाच्या पुढाकाराने आणि कार्नेगी निधीच्या साहाय्याने चालला होता. झीगफेल्ड त्या गावातच राहून तो चालवत होते. आधी अभ्यासक्रम लिहून मग तो गावावर लादायचा, असे त्यांनी केले नाही. गावातील लोकांना रोजच्या जगण्यात कलेची गरज कोठे भासते, हे त्यांनी प्रथम घरे आणि दुकाने पाहून, लोकांशी बोलून समजून घेतले. खोलीला रंग कोणता द्यावा, दुकानाची दर्शनी खिडकी कशी मांडावी, अंगणातील बाग कशी आखावी, असे प्रश्न पुढे आले. त्यांतूनच शाळेतील धडे तयार झाले. ज्या शिक्षकाने आपल्या गावातील उंबऱ्यावरची रांगोळी, कुंभाराचे चाक किंवा बाजारातील पाट्यांची अक्षरे वर्गात आणली असेल, त्याला हे काम परके वाटणार नाही.

हे पुरस्कार उत्तम चित्र काढणाऱ्यासाठी नसून, इतरांच्या हाताला आणि नजरेला वर्षानुवर्षे वळण देणाऱ्यासाठी आहेत. शाळेत शिकवणारे, शिक्षक घडवणारे आणि संशोधन करणारे असे सर्व जण त्यांच्या कक्षेत येतात, मात्र शाळेच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकांची नावे अधिक पुढे यायला हवीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने काढलेले चित्र एका ऑनलाइन स्पर्धेत 'आंतरराष्ट्रीय सुवर्णपदका'साठी निवडले गेले, असा संदेश आला. पदक, प्रमाणपत्र आणि पाठवणीखर्च मिळून काही हजार रुपये मागितले आहेत. शाळेतील आणखी चौदा मुलांनाही हेच 'सुवर्णपदक' मिळाले आहे. काय करावे?
— एक पालक, पुणे

उत्तर : पैसे भरू नयेत. ज्या सन्मानासाठी सन्मानित व्यक्तीलाच किंमत मोजावी लागते, तो सन्मान नसून विकत घेतलेली वस्तू असते. परीक्षक कोण होते, निवडलेली चित्रे कोठे पाहायला मिळतात आणि एका गटात पदके किती, हे तीन प्रश्न आयोजकांना लेखी विचारा. नीट उत्तर आले नाही, तर विषय तेथेच संपवा. संस्थेच्या सभासदत्वाची वार्षिक वर्गणी आणि मिळालेल्या पदकाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र ध्यानात असू द्या.

मुलांच्या खऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्याच देशात आहेत. व्यंगचित्रकार शंकर यांनी 1949 मध्ये दिल्लीत सुरू केलेली आणि पुढे जगभरातील मुलांसाठी खुली झालेली चित्रस्पर्धा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. पण त्याआधी मुलीचे चित्र घरातील भिंतीवर लावा आणि त्यात काय काय आहे ते तिच्याकडून ऐकून घ्या. नऊ वर्षांच्या मुलीला या घडीला त्याची गरज पदकापेक्षा जास्त आहे.

प्रश्न : शिक्षकदिनाप्रमाणे कलाशिक्षणाचा असा काही आंतरराष्ट्रीय दिवस आहे का?
— एक विद्यार्थी, कलाशिक्षक पदविका (ए.टी.डी.) अभ्यासक्रम, कोल्हापूर

उत्तर : एक संपूर्ण सप्ताह आहे. 2010 मध्ये सेऊल येथे कलाशिक्षणाची दुसरी जागतिक परिषद झाली आणि त्यानंतर युनेस्कोने मे महिन्याचा चौथा आठवडा आंतरराष्ट्रीय कलाशिक्षण सप्ताह म्हणून घोषित केला. त्या दिवसांत महाराष्ट्रातील शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे आपल्याकडे तो जवळपास कोणाच्या लक्षातच येत नाही. शाळांनी जूनमध्ये, वर्ग भरल्यावर तो साजरा केला, तरी आमच्या मते काही बिघडणार नाही.

प्रश्न : या आंतरराष्ट्रीय विचाराशी आपल्या भागाचा काही संबंध आहे का, की हे सर्व लंडन-पॅरिसमधूनच आलेले आहे?
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : आपण नागपुरात राहता, आणि उत्तर आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात आहे. 1937 मध्ये वर्ध्यात भरलेल्या परिषदेतून 'नई तालीम' या गांधीजींच्या शिक्षणविचाराची मांडणी पुढे आली. हात, बुद्धी आणि हृदय यांचे शिक्षण एकत्र व्हावे, हा तिचा आग्रह होता. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या परंपरेत शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये सेवाग्रामला आले आणि जवळजवळ अठरा वर्षे तेथील मुलांना चित्रकला व मातीकाम शिकवत राहिले. रीड यांचे पुस्तक प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी हे काम सुरू झाले, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. युद्धाच्या छायेत एक विचारवंत लंडनमध्ये जे लिहीत होता, त्याच दिशेचे काम विदर्भातील एका आश्रमात खेड्यातील मुलांबरोबर प्रत्यक्ष होत होते. कला हा शिक्षणाचा पाया आहे, हे देवीप्रसाद यांनीही स्वतःच्या वर्गातील अनुभवातून पुस्तकरूपाने मांडले. 1962 मध्ये ते युद्धविरोधी चळवळीच्या कामासाठी लंडनला गेले. मुलाला स्वतःच्या हातांनी घडवू दिले, तर त्याच्यातील हिंसेला वेगळी वाट मिळते, असे रीडही मानत होते. त्यामुळे कुंभारकाम शिकवणारा शिक्षक शांततेच्या चळवळीत जाणे हे क्षेत्र बदलणे नव्हते, असे आम्हाला वाटते.

महाराष्ट्रातील कलाशिक्षणाचा इतिहास सांगताना आपण 1857 च्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टपासून सुरुवात करतो आणि ते योग्यच आहे. परंतु शाळेतील मुलांच्या कलाशिक्षणाचा इतिहास सांगायचा झाल्यास सेवाग्रामला वगळून तो पूर्ण होणार नाही.

प्रश्न : माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. शाळेत माझे काम एकाच आकड्यावर मोजले जाते, तो म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत किती मुलांना 'ए' श्रेणी मिळाली. त्यापलीकडे मी मुलांसाठी जे केले ते कोणत्याही कागदावर नाही. अशा शिक्षकाने पुरस्काराचा विचार तरी करावा का?
— एक कलाशिक्षक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपले पत्र आम्ही एकाहून अधिक वेळा वाचले. अवश्य विचार करावा, आणि आजपासून करावा.

शासकीय रेखाकला परीक्षांनी महाराष्ट्रातील लाखो मुलांच्या हातात पेन्सिल आणि ब्रश दिला, हे ऋण मोठे आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांची शिस्त त्यांनीच लावली. परंतु परीक्षा दोन दिवसांची असते, आणि आपण त्या मुलाला सहा वर्षे पाहिलेले असते. आंतरराष्ट्रीय पुरस्कारांचे परीक्षक त्या सहा वर्षांविषयी विचारतात. 2018 चा दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार लंडनच्या ब्रेंट भागातील कलाशिक्षिका आंद्रिया झाफिराकू यांना मिळाला, तेव्हा चर्चा श्रेणींची झाली नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना आपलेसे वाटावे म्हणून त्यांच्या भाषांतील अभिवादनाचे शब्द त्या शिकल्या होत्या आणि मुलांच्या जगण्याशी जुळेल असा अभ्यासक्रम त्यांनी नव्याने रचला होता. याच गोष्टींची दखल घेतली गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी हाच पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना मिळाला. ते कलाशिक्षक नव्हेत, परंतु लहान गावातील मराठी शाळेचे काम जगाच्या नजरेस पडू शकते, याविषयी आता शंकेला जागा उरलेली नाही.

अडचण येते ती नोंदीची. मुलांची चित्रे वर्षअखेरीस रद्दीत जातात आणि त्यांच्याबरोबर आपला पुरावाही जातो. म्हणून प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, इयत्ता आणि मूल त्या वेळी काय म्हणाले ते एका ओळीत लिहा. मुलाचे पूर्ण नाव बाहेर दाखवायच्या प्रतीवर नको, आणि चित्र वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्या. एकाच मुलाची पाचवी ते दहावीपर्यंतची चित्रे सलग लावता आली, तर ती अनेक प्रशस्तिपत्रांपेक्षा प्रभावी ठरतात. जमलेल्या धड्यांबरोबर फसलेले धडेही लिहून ठेवा, आणि ते पुढच्या वेळी कसे बदलले तेही लिहा, कारण जाणते परीक्षक तेच आधी शोधतात. अशा सन्मानांसाठी बहुधा दुसऱ्याने नाव सुचवावे लागते आणि सहकाऱ्यांची पत्रे जोडावी लागतात. त्यासाठी आपल्या कामाशी परिचित असलेल्या दोन-तीन व्यक्तींशी आतापासून बोला. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी मात्र 2018 पासून शिक्षकाला स्वतःच अर्ज करता येतो.

जुनी चित्रे आपल्याकडे नसतील, असे गृहीत धरू नका. आपले माजी विद्यार्थी आता तिशी-चाळिशीत असतील. त्यांच्या आयांनी ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या खणात काही कागद नक्कीच जपून ठेवले असतील. गणपतीला मुंबईहून मंडळी गावी येतील, तेव्हा त्यांच्याकडे ते मागा आणि प्रत्येकाला चित्राखाली चार ओळी लिहायला सांगा. त्या संचाची एक प्रत आमच्या कार्यालयाकडे पाठवलीत, तर नामांकनाचे पत्र इंग्रजीत तयार करण्यासाठी आम्ही आपणास साहाय्य करू.