वाचकांचे प्रश्न : ताट वाढले जाते, पण वडील बोलत नाहीत

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझा १९ वर्षांचा मुलगा बेळगावात डिप्लोमा करतो. आपल्याला मुलींविषयी नव्हे, मुलांविषयी ओढ वाटते, असे त्याने दिवाळीत सांगितले. तेव्हापासून त्याचे वडील त्याच्याशी बोललेले नाहीत. सासूबाई म्हणतात, सौंदत्तीला नेऊ, यल्लम्माचे काही राहिले असेल. माझे भाऊ ‘यावर इलाज करणारा’ डॉक्टर शोधत आहेत. मुलाची झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे. एका रुग्णालयात नेले, तर तेथील डॉक्टर कन्नडमध्ये बोलत होते. मला कळेना, म्हणून मुलानेच स्वतःविषयीचे सारे बोलणे मराठीत करून मला सांगितले. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचा प्रसंग मी दोनदा वाचला. ज्याचे दुखणे आहे त्यालाच दुभाषी व्हावे लागले. आईला ऐकवण्यासारखे तेवढेच त्याने मराठीत आणले असेल आणि बाकीचे गिळले असेल, हे उघड आहे. पुढच्या वेळी मराठी जाणणारा डॉक्टर मागून घ्यावा. तो नसेल, तर मुलाला विचारून त्याच्या विश्वासातील एखादे मोठे माणूस सोबत न्यावे. मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू देणेही आवश्यक आहे.

आता आपल्या भावांविषयी. समलिंगी कल हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तो आजारांच्या यादीतून काढला आणि भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तीच भूमिका घेतली. कल बदलून देतो असे सांगून केलेले ‘उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे भाऊ ज्या डॉक्टरला शोधत आहेत, तो सापडलाच तर त्याच्यापासून मुलाला दूर ठेवावे लागेल. झोप आणि जेवण यांवर मात्र उपचार हवेत, कारण ती नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे आणि टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. तेथे भाषा निवडता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार लैंगिक कलावरून रुग्णाशी भेदभाव करता येत नाही. मुलगा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागला, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्याला एकटे सोडू नये.

सासूबाईंना दोष देऊ नये. त्यांच्या अनुभवात या विषयाला एवढीच एक चौकट आहे. परंतु यल्लम्माच्या जोगप्पांची परंपरा ही देवीला वाहिलेल्या, साडी नेसून देवीची मूर्ती असलेला ‘जग’ डोक्यावर घेणाऱ्या व्यक्तींची आहे, आणि आपल्या मुलाने सांगितलेली गोष्ट वेगळी आहे. तो पुरुषच आहे, त्याची ओढ पुरुषांकडे आहे. (दारी आलेल्या जोगप्पाची परडी भरून पाया पडणारी घरे स्वतःच्या नातवाशी मात्र अबोला धरतात, हे मला नेहमी कोड्यात टाकते.)

राहिले वडील. त्यांना सगळे समजेपर्यंत थांबण्याची गरज नाही. पंगतीला त्याला शेजारी बसवणे, ‘गाडी मिळाली का’ असे विचारणे, भावकीत कोणी टोमणा मारला तर ‘तो माझा मुलगा आहे’ एवढेच म्हणणे, हे न समजताही करता येते.

प्रश्न : अमेरिकेतील स्पॅनिश भाषक मुळाच्या, म्हणजे हिस्पॅनिक, कुटुंबांतील समलिंगी मुलांच्या आरोग्यासाठी आईवडिलांनाच सोबत घेऊन काम चालते, असे वाचले. तिकडे मोकळीक आहे. आपल्याकडे भावकी, सोयरीक, गावाची नजर. त्या संशोधनाचा सीमाभागाला उपयोग काय? — एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : सर, ‘तिकडे मोकळीक’ हे गृहीतकच येथे लागू पडत नाही. कुटुंब आधी आणि आपण नंतर, वडीलधाऱ्यांचा मान राखायचा, पुरुषाने पुरुषासारखे वागायचे, या तीन गोष्टींसाठी स्पॅनिशमध्ये स्वतंत्र शब्द आहेत : फॅमिलिस्मो, रेस्पेतो आणि माचिस्मो. आजी, मावश्या, चुलत भावंडे, चर्च, या सगळ्यांचे मत घरात चालते. त्यातच मुले शाळेत इंग्रजी चटकन शिकतात, आईवडील मागे राहतात, आणि दवाखान्यात किंवा कचेरीत मूलच घराचे दुभाषी होते. वर खानापूरच्या भगिनींनी लिहिलेला प्रसंग मायामीत स्पॅनिश-इंग्रजीत घडला असता, एवढाच फरक. घरी मराठी आणि तहसील कार्यालयात कन्नड, अशा आपल्या घरांतही दहावीतला मुलगा बापाचे अर्ज भरतो आणि नकळत घरातली वडीलकी उलटी होते.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ ते २५ वयाचे २२४ गोरे आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाचे) तरुण होते, समलिंगी किंवा स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढ असलेले. किशोरवयात घराने तीव्रपणे झिडकारलेल्यांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण, फारसे झिडकारले न गेलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट होते. तीव्र नैराश्य ५.९ पट आणि अमली पदार्थांचा वापर ३.४ पट होता. घरच्यांच्या नकारात्मक प्रतिक्रिया सर्वाधिक सांगितल्या त्या लॅटिनो पुरुषांनी. ही तरुणांनी आठवून दिलेली माहिती आहे, त्यामुळे केवळ तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आपल्यासारख्या शिक्षकाला सांगायला नको. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते ‘झिडकारणे’ मोजण्याची रीत. मारहाण, घराबाहेर काढणे हे त्यात आहेच. पण घरच्या कार्यातून वगळणे, मित्रांना भेटू न देणे आणि ‘लोक काय म्हणतील म्हणून गप्प राहा’ असे बजावणे हेही आहे. यांपैकी शेवटचे आपण संस्कार म्हणून करतो.

मायामी विद्यापीठातील ‘फामिलियास उनिदास’ हा कार्यक्रम याच कुटुंबांना धरून उभा राहिला. त्यात आधी पालकांचे गट बसतात, मुलांशी बोलावे कसे याचा आपसांत सराव करतात, आणि नंतर घरभेटीत तेच मुलाशी प्रत्यक्ष बोलतात. व्यसन आणि असुरक्षित लैंगिक वर्तन टाळण्यासाठी तो होता. पुढे समलिंगी मुलांच्या कुटुंबांसाठी त्याचेच ‘फामिलियास कोन ओर्गुयो’ हे रूप तयार झाले. त्याची चाचणी अद्याप लहान प्रमाणावर झालेली आहे, म्हणून मी त्याचा डांगोरा पिटणार नाही. पण पालकांनी आधी पालकांशी बोलावे, ही कल्पना हळदीकुंकवाच्या आणि भजनी मंडळाच्या आपल्या गावांना परकी वाटू नये. अडचण एवढीच की येथे पहिली आई किंवा पहिले वडील तोंड उघडायला तयार हवेत. आपण शिक्षक आहात. गावात असे पालक आपल्याकडेच प्रथम येतील.

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे, चिकोडीत नोकरी करते. मला मुली आवडतात. घरी स्थळे पाहणे सुरू आहे. सांगून टाकू का?

उत्तर : सांगण्याचे आपल्यावर कोणतेही बंधन नाही, आणि लग्नाला नकार देण्यासाठी ते सांगावेच लागते असेही नाही. आपण सज्ञान आहात. संमतीने असलेले समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा राहिलेले नाहीत. तरीही निकाल दिल्लीत आणि स्थळ घेऊन येणारे काका माजघरात, हे ध्यानात ठेवावे. मारहाण, कोंडून ठेवणे किंवा नोकरी सोडायला लावणे यांपैकी कशाचीही भीती वाटत असेल, तर आधी आपली कागदपत्रे, बँकेचे खाते आणि दोन रात्री राहता येईल असे एक घर पक्के करावे. तशी भीती नसेल, तर सगळ्यांना एकदम न सांगता एका माणसापासून सुरुवात करावी. वहिनी, मावशी, धाकटा भाऊ, यांपैकी संतापाने कधी हात न उचललेले आणि पोटात गोष्ट ठेवणारे माणूस निवडावे. आणि ही गोष्ट पुढे कोणाला व केव्हा सांगायची हे आपणच ठरवणार, असे त्या व्यक्तीकडून पहिल्याच बोलण्यात कबूल करून घ्यावे.