प्रोसेसरला 'समर्थन' मिळतं का?

प्रश्न असा आहे: 'नव्या मोबाइल प्रोसेसरला मूळ लिनक्स कर्नलमध्ये समर्थन मिळाले' आणि 'कंपनीचे मुक्तस्रोत विकसकांना समर्थन' ही वाक्यं बरोबर आहेत का? 'सपोर्ट'ला मराठीत समर्थनच म्हणायचं का?

माझ्या मते दोन्हीकडे समर्थन नको. मराठीत समर्थन होतं ते मताचं, मागणीचं, नाहीतर स्वतःच्या वागण्याचं. त्यात बाजू घेणं आलं. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चिपची बाजू घेत नाही, तो ती चालवतो.

पहिल्या वाक्यात प्रत्यक्ष काय घडतं ते पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ हा मोबाइल प्रोसेसर जाहीर झाला आणि लगोलग लिनारो या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या संस्थेच्या अभियंत्यांनी मूळ कर्नलसाठी पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवले. अशा पॅचमध्ये चिपची डिव्हाइस ट्री असते: कोणता भाग मेमरीच्या कोणत्या पत्त्यावर आहे, त्याला क्लॉक कुठलं, इंटरप्ट कुठला. शिवाय लागतील ते ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग चालवणारे प्रोग्राम. म्हणजे ती चिप चालवण्याची तजवीज कर्नलमध्ये केली जाते. याला आपल्याकडे छान शब्द आहे, 'सोय'. 'मूळ कर्नलमध्ये या प्रोसेसरची सोय झाली.' सोय अपुरीही असू शकते, आणि इथे ते फार उपयोगी पडतं. कर्नल बूट होतो, पण कॅमेऱ्यासारखे भाग अनेकदा बरेच मागून चालू होतात. 'अपुरं समर्थन' म्हटलं तर कुणीतरी कचरतंय असं वाटेल.

दुसऱ्या वाक्यातला सपोर्ट वेगळा. तिथे कंपनी माणसांना मदत करते: चिपची तांत्रिक माहिती खुली करते, चाचणीसाठी बोर्ड देते, आपले अभियंते कामाला लावते. ते 'साहाय्य', किंवा 'पाठबळ'.

एक असलं की दुसरं असतंच असं नाही, म्हणून तर शब्द वेगळे हवेत. स्नॅपड्रॅगनमधल्या अॅड्रेनो या ग्राफिक्स भागासाठी फ्रीड्रीनो हा मुक्तस्रोत ड्रायव्हर रॉब क्लार्क यांनी सुरू केला, तो उत्पादकाची कागदपत्रं हाती नसताना, रिव्हर्स इंजिनिअरिंग करून, म्हणजे तो भाग कसा चालतो ते त्याच्या वागण्यावरून उलगडून. साहाय्य नव्हतं, तरी सोय झाली. दोन्ही ठिकाणी समर्थन वापरलं तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

'हे डिव्हाइस समर्थित नाही' यातही तोच घोळ आहे. तिथे तर नामही नको, 'या फोनवर हे चालत नाही' एवढं पुरे. बोलताना आणि बातमीत सरळ 'सपोर्ट' लिहिलं तरी माझी हरकत नाही. तो शब्द सगळ्यांना कळतो.