शनिवारी तू कुठे असतोस?

प्रिय बाळा,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ऑफिसात आपण ज्यू आहोत हे सांगायला तू कचरतोस, कारण सांगितलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. सिनेगॉगमध्ये गेलास तर हिब्रू वाचता येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसतोस. दोन्हीकडे आपण अर्धेमुर्धेच, असं तू लिहिलंस. ते मनाला लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोकणात आपल्या बेने इस्राएल वाडवडिलांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी आपल्याकडे चालत आलेली कथा. तिच्या काळाबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. पण या तेल्यांचा घाणा शनिवारी बंद असतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्यांच्याकडे ना तोराची, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाची गुंडाळी होती, ना रब्बी, म्हणजे धर्मगुरू. हिब्रू जवळजवळ विसरून गेले होते. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही देव एकच असल्याची प्रार्थना, एवढंच हाती उरलं होतं. बाकी बोली मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर. सहा दिवस गावात मिसळून राहायचं आणि सातव्या दिवशी सगळ्यांदेखत वेगळं वागायचं, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. गावानं त्यावरून त्यांना नाव दिलं, पण त्रास दिला नाही. म्हणून मला वाटतं, वेगळेपण उघड असेल तरच मैत्री निकोप राहते. लपवलंस तर मित्र ज्याच्याशी मैत्री करतो, तो तू नसतोसच.

आता व्यवहाराचं. मित्राच्या घरी गणपती बसला की जरूर जा. हॉलमध्ये बस, त्याच्या आईची विचारपूस कर, मोदकांचं कौतुक कर. पूजेत मात्र भाग घेऊ नकोस, आणि ते आरतीच्या वेळी कोपऱ्यात सरकून कळू देऊ नकोस, आधीच सांग. “आमच्यात मूर्तीपूजा नाही, पण तुझ्याकडे यायला मला आवडतं,” एवढं पुरतं. इफ्तारचंही तसंच. मुसलमान मित्राला तर तुझी सुंता, तुझं डुक्कर न खाणं, तुझा एकच देव, हे काही समजावून सांगावंच लागणार नाही. माझगावची इस्राएली शाळा आपल्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली आपल्या मुलांसाठी काढली. आज तिथे बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

इस्राएल आणि गाझाबद्दल तुला उत्तर द्यायला लावतात, हे मी समजू शकतो. तू कुठल्याही सरकारचा वकील नाहीस. तुझे नातेवाईक तिकडे आहेत, तुला त्यांची काळजी वाटते, हे सांग. आणि मित्राला ज्यांचं दुःख वाटतं, त्यांच्याबद्दल तो बोलेल तेव्हा मध्ये न तोडता ऐकून घे.

‘तुम्ही खरे ज्यू का?’ या प्रश्नानं मात्र खचू नकोस. तो आपल्याला आपल्याच लोकांनीही विचारला आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमधल्या धर्मपीठानं बेने इस्राएलांच्या लग्नांवर शंका घेतली. आपली माणसं रस्त्यावर उतरली, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४ साली तिथल्या सरकारला आपण सर्व बाबतींत ज्यू आहोत हे स्पष्ट सांगावं लागलं.

खरी अडचण दुसरीच आहे, आणि तिच्यात मित्र तुला मदत करू शकत नाहीत. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा ज्यू पुरुष लागतात. तुझे जिवलग मित्र सिनेगॉगच्या दारापर्यंत येतील, आतही बसतील, पण दहात धरले जाणार नाहीत. १९५० च्या आसपास आपण देशात वीस हजारांवर होतो. आता काही हजार उरलो आहोत. मुंबईच्या शाअर हारहमीमसारखं १७९६ सालचं प्रार्थनास्थळ असो की ठाण्याचं १८७९ सालचं शाअर हाशामाइम, शनिवारी सकाळी नऊ जण घड्याळाकडे बघत बसले असतील तर कादिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. वडील गेलेल्या माणसाला त्या दिवशी कादिश न म्हणताच घरी जावं लागतं. तू मागच्या बाकावर का होईना, बस. चुकत वाच. तिथे तुझ्या हिब्रूची परीक्षा कुणी घेत नाही, तू आलास याचाच आनंद असतो.

समाज उभा करायचा म्हणजे संस्था, समिती, लेटरहेड असं काही डोक्यात आणू नकोस. शुक्रवारी संध्याकाळी घरी दिवा लाव, काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद म्हण, आणि तुझ्यासारखी एकटी राहणारी आपली दोन-चार मुलंमुली जेवायला बोलाव. फोन बाजूला ठेवा. नवं घर घेतलंस तर मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानायचा आपला विधी कर. पोहे, नारळ, साखर आणि फळं ताटात मांडून एलियाहू हान्नाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं गाणं म्हणायला पंडित लागत नाही, घरातली म्हातारी माणसं लागतात. ती अजून आहेत, तोवर त्यांच्याकडून चाली शिकून घे, रेकॉर्ड करून ठेव. आपल्याकडे अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर मराठीत कीर्तनं होत. १८८० च्या सुमारास आपल्या मंडळींनी ती सुरू केली. ती कुणाच्या कानात उरली असतील तर त्यांच्याकडे आधी जा. मलिदाला तुझ्या हिंदू-मुसलमान मित्रांनाही बोलाव. इतकी वर्षं तू त्यांच्या घरी जातोस, एकदा त्यांनाही तुझ्या घरी काय चालतं ते बघू दे.

हिब्रूचं मी बघतो. रविवारी सकाळी फोन कर, शेमाच्या पहिल्या ओळीपासून अक्षरं लावायला घेऊ. सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, जवळ ठेव, मोठ्या टाइपाचा असेल तर बरं.

तुझा,
काका