कॅप्चर वीस मिनिटांत तुटतं, एक्सपोर्ट ६३ टक्क्यांवर अडकतो: मिनीडीव्ही कॅसेटवरच्या नाटकाबद्दल

तुमची अडचण मला समजली ती अशी: गोव्यातल्या तुमच्या गावच्या देवळाच्या उत्सवात झालेलं १६० मिनिटांचं संगीत नाटक मिनीडीव्ही कॅसेटांवर आहे. जुन्या डेस्कटॉपला फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची डिजिटल केबल) कॅमेरा जोडून थेट एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येच कॅप्चर करताय, म्हणजे टेपवरचं कॉम्प्युटरवर उतरवताय. दर खेपेला वीसेक मिनिटांनी ते बंद पडतं, मधेच चित्राचे चौकोन होतात, आवाज मागे पडतो, आणि एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल बाहेर काढणं) ६३ टक्क्यांवर अडकून बसतो. सॉफ्टवेअर बदलू का, असं विचारलंय.

सॉफ्टवेअर बदलून काही साधणार नाही. आधी कॅप्चर आणि एडिटिंग ही दोन कामं वेगळी करा. मिनीडीव्हीवर चित्र डिजिटलच असतं, त्यामुळे फायरवायरने आपण टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरवून घेतो. दर्जा तसूभरही कमी होत नाही. म्हणूनच पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचं यूएसबी यंत्र वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात चित्र एकदा अ‍ॅनालॉग होऊन पुन्हा डिजिटल होतं. फायरवायरचं पोर्ट चालू आहे तोवर तीच वाट धरा, आणि केबल लावताना-काढताना कॅमेरा बंद ठेवा. कॅमेरा चालू असताना केबल लावली-काढली तर ही पोर्टं जळू शकतात, आणि कॅमेऱ्याचं पोर्ट गेलं तर दुरुस्त करणारा मिळणं अवघड.

कॅसेटच्या पाठीवरची छोटी खिटी ‘सेव्ह’कडे सरकवलीत ना? नसेल तर आत्ता सरकवा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. बाकीचं नंतर.

वीस मिनिटांचं कोडं सोपं आहे. डीव्ही (मिनीडीव्ही टेपवरच्या व्हिडिओचा प्रकार) सेकंदाला साधारण ३.६ एमबी खातं, म्हणजे तासाला जवळपास १३ जीबी. बाहेरची हार्डडिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबी. हिशेब केलात तर वीस मिनिटंच येतात. अडकलेल्या फाइलचा आकार बघा, ४ जीबीच्या आसपास असेल तर निदान पक्कं. डिस्कवरचं सगळं दुसरीकडे हलवून ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, त्या पद्धतीत ही ४ जीबीची अडचण नाही. कॅप्चरसाठी विनडीव्ही नावाचा छोटा, फुकट प्रोग्रॅम घ्या. त्यात फाइलचा प्रकार टाइप-२ एव्हीआय निवडा, आणि ड्रॉप्ड फ्रेमचा (उतरवताना गळलेल्या चित्रांचा) आकडा चालू असताना दिसतो त्यावर डोळा ठेवा. विंडोज १० वर कॅमेरा दिसेनासा झाला, तर फायरवायर कार्डासाठी मायक्रोसॉफ्टचा ‘लेगसी’ ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.

आता चौकोन. इथे घाई करू नका, कारण गोव्यात कॅसेटचा खरा शत्रू दमट हवा आहे. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात बघा. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी, आणि तशी कॅसेट कॅमेऱ्यात अजिबात घालू नका. ती हेडला (कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. टेप स्वच्छ दिसत असेल तर हेड मळलेलं असण्याची शक्यता जास्त. क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवा, थांबवा, आणि ती रिवाइंड करू नका. तोच भाग पुन्हा चालवून बघा: चौकोन दुसऱ्या जागी गेले तर दोष हेडचा, अगदी त्याच जागी राहिले तर टेपचा.

कॅमेऱ्यावर ‘ड्यू’ची (आत दव धरल्याची) खूण आली तर हट्ट करू नका. एसीच्या खोलीतून थंड कॅमेरा पावसाळी हवेत आणला की आतल्या ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर) दव धरतं आणि टेप त्याला चिकटते. कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवा, तासभर तरी थांबा. पावसात काम करायचंच असेल तर कॅमेरा आणि कॅसेट एकाच खोलीत, एकाच हवेत आधीपासून ठेवा. मला विचाराल तर दसऱ्यानंतर करा. त्या नाटकातली काही माणसं आता हयात नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. टेप एकदा ओढली जाऊन फाटली की ते नाटक गेलंच.

६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं असतील, तर ते एलपी मोडचं (टेप हळू चालवून जास्त वेळ मावेल असं) रेकॉर्डिंग. ज्या कॅमेऱ्यात केलं त्याच कॅमेऱ्यात ते नीट चालतं, दुसऱ्यात बहुधा चौकोनच दिसतात.

आवाजासाठी नाट्यपदाचा एखादा भाग घ्या, जिथे तबलजीचा हात दिसतोय. समेवरची थाप आणि हात जुळतात का ते पहिल्या अंकात बघा, मग शेवटच्या अंकात. फरक सुरुवातीपासून हळूहळू वाढत गेला तर सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतले तो आकडा) तपासा: बऱ्याच कॅमेऱ्यांत १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ हीच सेटिंग असायची, आणि एडिटिंगचा प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झचा असतो. फरक एका ठिकाणी अचानक पडला तर तिथे फ्रेम गळल्या आहेत. पाल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, तेव्हा २५ गळल्या की एक सेकंदाची तफावत. तेवढाच भाग पुन्हा कॅप्चर करा. आवाज हाताने ओढून बसवत बसू नका, पुढच्या पदात तो परत सुटतो.

एक्सपोर्टचं मात्र एवढंच बघायचं: तो दर वेळी त्याच टक्क्यावर अडकतो की वेगवेगळ्या? त्याच असेल तर टाइमलाइनवर त्या जागेच्या आसपास खराब क्लिप किंवा बिघडलेला इफेक्ट आहे. नाटक १६० मिनिटांचं, त्याचे ६३ टक्के म्हणजे शंभराव्या मिनिटाच्या पुढे-मागे शोधा आणि तेवढी चार-पाच मिनिटंच एक्सपोर्ट करून खात्री करा. जागा बदलत असेल तर एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग (ग्राफिक्स चिपकडून फाइल बनवणं) बंद करून सॉफ्टवेअरवर टाका, आणि सिस्टिमच्या डिस्कवर रिकामी जागा आहे का ते बघा.

हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतील, ते इंटरलेसिंग: प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन भागांत, म्हणजे दोन फील्डमध्ये, रेकॉर्ड होते. डीव्हीत खालची फील्ड आधी असते, प्रोजेक्टमध्ये ‘लोअर फील्ड फर्स्ट’ हवं. मोबाइल-यूट्यूबसाठीची प्रत डीइंटरलेस करून (त्या रेघा काढून) सेकंदाला ५० फ्रेमची काढा, २५ ची नको, हालचाल तुटक होते. ४:३ चित्रासाठी आकार ७६८ × ५७६ ठेवा, नाहीतर माणसं किंचित बारीक दिसतात. मूळ डीव्ही फाइलला मात्र हात लावू नका, ती दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

एवढं करून अडलंच तर कॅमेऱ्याचं मॉडेल, अडकलेल्या फाइलचा आकार आणि विनडीव्हीने दाखवलेला ड्रॉप्ड फ्रेमचा आकडा लिहा. एक्सपोर्ट त्याच टक्क्यावर अडकतो की नाही हेही कळवा, पुढचं त्यावरून बघू.